तांड्यावरच्या मुलीला सायन्सला पाठवायचं असेल तर

मी बीड जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत अठरा वर्षं विज्ञान शिकवते. माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलींचे आईवडील दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात. बंजारा तांड्यावरच्या, दलित वस्तीतल्या या मुली. दहावीला विज्ञानात चांगले मार्क पडले तरी अकरावीला आर्ट्सला जातात, नाहीतर लग्न ठरतं. विषय आवडत नाही म्हणून सोडला, असं मला कुणी सांगितलेलं नाही. मुलगी अडते ती एसटीपाशी, वसतिगृहापाशी, दाखल्यांपाशी. त्यामुळे आठवीपासूनच काही कामं हातात घ्यावी लागतात. मी ती कशी करते ते सांगते.

सुरुवात प्रयोगशाळेतून करा. गटाला प्रयोग दिला की मुलगे साहित्य धरतात आणि मुली जर्नल लिहितात, कारण त्यांचं अक्षर चांगलं! हे मोडायला मी मुलींचे वेगळे गट केले आणि साहित्य आधी त्यांच्या हातात दिलं. कपाट रिकामं असलं तरी अडत नाही. मेडिकलमधून जखम धुवायच्या हायड्रोजन पेरॉक्साईडची बाटली आणा. ते स्वतः ओता, डोळ्यांना लागू देऊ नका. काचेच्या छोट्या ग्लासात ते घेऊन कच्च्या बटाट्याची फोड टाकली की फेस चढतो. फुंकून ज्योत विझवलेली, पण टोकाला निखारा असलेली अगरबत्ती आत नेली की लख्खकन पेटते, कारण तो ऑक्सिजन असतो. उकडलेला बटाटा टाकला तर फेस येत नाही. का, ते लगेच सांगू नका. माझी एक विद्यार्थिनी दुसऱ्या दिवशी डब्यात बटाट्याच्या पाच फोडी घेऊन आली. चुलीवरच्या उकळत्या पाण्यात एक फोड एक मिनिट, दुसरी दोन मिनिटं, अशा पाचही ठेवून आणल्या होत्या. कितव्या मिनिटाला फेस थांबतो ते तिला बघायचं होतं. बटाट्यातलं फेस आणणारं एन्झाइम उष्णतेनं निकामी होतं हे वाक्य मी त्यानंतर फळ्यावर लिहिलं.

त्याच तासाला मी जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनींची गोष्ट सांगते. दुर्गा भागवतांची ही धाकटी बहीण. १९३३ साली बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून प्रवेश नाकारला, पण त्या हटल्या नाहीत. प्रवेश मिळवला, पुढं केंब्रिजला गेल्या, बटाट्यावर काम करताना वनस्पतींमध्ये सायटोक्रोम सी हे पेशींच्या श्वसनाला लागणारं प्रथिन असल्याचं दाखवलं आणि १९३९ मध्ये पीएच.डी. मिळवली. हातात बटाटा असताना ही गोष्ट मुलींना फार जवळची वाटते.

आठवीत एनएमएमएस या केंद्र सरकारच्या शिष्यवृत्ती परीक्षेला बसवा. पास होऊन निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मुलीच्या खात्यात येतात. घरात तिच्या नावानं आलेला पैसा असला की तिच्या शिक्षणाची बोलणी वेगळ्या सुरात होतात, हे मी पाहिलंय. अडचण अशी की परीक्षा ऐन ऊसतोडीच्या हंगामात येते. त्यामुळे दसऱ्याच्या आधीच घरी जाऊन मुलीला आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात ठेवण्याचं ठरवून घ्या. मुकादमाची उचल, म्हणजे हंगामाचे आगाऊ पैसे, घेऊन झाल्यावर गेलात तर उशीर झालेला असतो.

नववीपासून एक वही करायला सांगा. डावीकडं घनता, उजवीकडं डेन्सिटी. डावीकडं त्वरण, उजवीकडं ॲक्सिलरेशन. रोज पाच शब्द. अकरावी सायन्स इंग्रजीतून असतं आणि मराठी माध्यमाच्या हुशार मुली पहिल्या महिन्यातच गप्प होतात, ते या शब्दांमुळे.

आता दाखले. याचा सगळ्यात जास्त कंटाळा येतो आणि सगळ्यात जास्त मुली इथंच अडकतात. बारावीनंतर राखीव जागेवर व्यावसायिक प्रवेश घ्यायचा तर जातवैधता, म्हणजे जातीचा दाखला खरा असल्याचं प्रमाणपत्र, लागते. तिचा अर्ज अकरावीतच भरा. विमुक्त आणि भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा पुरावा विचारतात, अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० चा, ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ चा. घरात कुणी शाळाच पाहिलेली नसते तेव्हा आजोबांच्या दाखल्याचा प्रश्नच येत नाही. मग तहसीलला जाऊन गाव नमुना १४, म्हणजे जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही, आणि कोतवाल बुक, म्हणजे गावच्या कोतवालाची नोंदवही, शोधायचं. चुलत घराण्यातल्या कुणाची वैधता आधी झाली असेल तर तीही जोडायची. उत्पन्नाचा दाखला सेतूतून वेळेत काढून ठेवा.

विषय निवडताना गणित सोडू देऊ नका. ‘मुलगी आहे, बायोलॉजी बरी’ म्हणून गणित काढून टाकतात आणि इंजिनिअरिंगचं दार बंद होतं. दोन्ही ठेवता येतात. दहावीनंतर तीन वर्षांचा पॉलिटेक्निक डिप्लोमा हाही चांगला रस्ता आहे, त्यावरून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. एआयसीटीई या तंत्रशिक्षण परिषदेच्या प्रगती योजनेत निवड झालेल्या मुलीला वर्षाला ५०,००० रुपये मिळतात. २०२४-२५ पासून राज्यात ओबीसी, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी शासन भरतं, उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर.

वडिलांशी बोलायला संध्याकाळी जा आणि आई घरात असताना जा. बटाटेवाल्या मुलीचे वडील म्हणाले होते, ‘बाई, पोरगी हुशार हाय, म्या कुठं न्हाई म्हन्तो? पर येस्टी चुकली तर रात्री ती थांबल कुठं?’ त्यांना विज्ञानाचं महत्त्व ऐकायचं नव्हतं. मी त्यांना वसतिगृह दाखवायला घेऊन गेले. त्यांनी खोलीची कडी दोनदा लावून पाहिली, वॉर्डनबाईंचा नंबर मोबाईलमध्ये घातला आणि तिथंच हो म्हणाले.

अकरावीच्या पहिल्या चाचणीत मार्क कमी पडतील हे आईवडिलांना आधीच सांगून ठेवा. मी सांगायला विसरले होते. बटाटेवाली मुलगी घरी आली ती २५ पैकी ७ चा पेपर घेऊन, आणि वडील म्हणाले, आता पुरे. आम्ही तिघं ओट्यावर पेपर पसरून बसलो. भौतिकशास्त्राची काही उत्तरं बरोबर होती, एककं लिहिली नव्हती म्हणून चार मार्क गेले होते. मी त्या चार जागा पेनानं गोल करून वडिलांना दाखवल्या. त्यांना वाचता येत नाही, पण गोल त्यांनी मोजले. सोमवारी सकाळच्या गाडीला तिला सोडायला तेच आले.