हळदीच्या पट्टीवर आम्ल-आम्लारी

आठवीच्या पोट्ट्यांना मी आधी लिटमस, म्हणजे आम्ल-आम्लारी ओळखायचा तयार कागद, दाखवतच नाही; हळद वापरतो. वायगावच्या हळदीला २०१६ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, आमच्या वर्ध्याचीच ती. चिमूटभर हळद पाण्यात कालवून कोऱ्या कागदावर फासा, सावलीत वाळवा, पट्ट्या कापा. मग गटागटानं घरून आणायला सांगा: चुलीच्या राखेचं निवळलेलं पाणी, धुण्याचा सोडा, चिंचेचा कोळ, मीठ. राखेचं पाणी आम्लारी, त्याचा थेंब पडला की पट्टी तांबडी होते आणि मागून हमखास आवाज येतो, "सर, कुंकू!" बरोबरच आहे, जुनं कुंकू हळद-चुन्याचंच. त्याच डागावर चिंच टाका, पुन्हा पिवळं. मिठाच्या पाण्याला मात्र पट्टी ढिम्म. खारट म्हणजे आम्लारी का, यावर पोरांना भांडू द्या. चुन्याची निवळी स्वतःच ओता, डोळ्यांत उडते.