एर्गपासून पात्रता फेरीपर्यंत: रोईंगमध्ये येणाऱ्यांसाठी

रोईंग शिकायला आलेल्या मुलांना मी पहिल्या दिवशी पाण्यावर नेत नाही, एर्गवर बसवतो. सरकतं आसन आणि साखळीला जोडलेली मूठ असलेलं हे जमिनीवर वल्हवण्याचा सराव करायचं मशीन. बसल्याबरोबर बहुतेक जण हातांनी ओढायला लागतात. कॉलेजच्या पहिल्या वर्षी मुळा नदीच्या पाण्यात मीही तसंच ओढत होतो. दोन महिने तळहात सोलून निघाले, पण बोट काही पळेना.

खरा जोर पायांचा असतो. आधी पाय रेटायचे, मग पाठ मागे न्यायची, हात सगळ्यात शेवटी. परतताना क्रम उलटा: हात, पाठ, मग गुडघे. परतताना घाई केली की बोटीची चाल मोडते. वल्ही पाण्याबाहेर असताना बोट स्वतःहून सरकत असते, तेव्हा तिला सरकू द्यायचं. हे कळायला मला एक अख्खा हिवाळा लागला आणि तो वाया गेला असं मला कधीच वाटलं नाही.

एकट्याची बोट आठ मीटरच्या आसपास लांब आणि वजनाला जेमतेम 14 किलो. दोन्ही वल्ही हातातून सुटली तर ती उलटतेच. म्हणून आधी पोहायला शिका, यात तडजोड नको. पाण्याची भीती असेल तर मात्र मागे फिरू नका. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ वडिलांबरोबर विहिरींच्या कामावर जायचा. 2012 साली तो सैन्यात गेला, तिथे उंची पाहून त्याला रोईंगमध्ये घेतलं. सुरुवातीला त्यालाही पाण्याची भीती वाटायची. चारच वर्षांत तो रिओ ऑलिंपिकमध्ये 13वा आला.

पुढची वाट साधारण अशी: क्लब किंवा कॉलेज, राज्य संघाची चाचणी, राष्ट्रीय स्पर्धा आणि तिथून भारतीय रोईंग महासंघाचं शिबिर. मी राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत पोहोचलो, शिबिराचं दार काही उघडलं नाही. शिबिरात एर्गवरच्या 2000 मीटरच्या वेळेला फार किंमत असते. जगातल्या आघाडीच्या पुरुषांची ही वेळ सहा मिनिटांच्या आत असते. म्हणून पहिल्या दिवसापासून वही ठेवा: तारीख, वेळ, मिनिटाला किती स्ट्रोक. आपल्याकडचे बहुतेक ऑलिंपिक रोअर सैन्यातून आले आणि त्यांची मोठी शाळा पुण्यातच आहे, दापोडीच्या सीएमईतलं (लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालयातलं) आर्मी रोईंग नोड हे सैन्याचं प्रशिक्षण केंद्र. दिवसातून दोनदा पाण्यावर, वर्षानुवर्षं, ही सोय नोकरी सांभाळून मिळवणं फार कठीण आहे. सैन्यात जायची तयारी असेल तर हा रस्ता गंभीरपणे विचारात घ्या.

ऑलिंपिक पात्रतेबद्दल नव्या मुलांचा एक मोठा गैरसमज असतो. जागा देशाला मिळते, माणसाला नाही. बहुतेक जागा आदल्या वर्षीच्या जागतिक स्पर्धेतच भरतात. उरलेल्यांसाठी खंडानुसार पात्रता स्पर्धा होते आणि आपली मदार तिच्यावरच असते. दत्तू 2016 मध्ये आणि बलराज पंवार 2024 मध्ये, दोघेही दक्षिण कोरियातल्या चुंगजू इथल्या स्पर्धेतूनच पात्र ठरले. 2021 मध्ये टोकियोत झालेल्या पात्रता स्पर्धेत अर्जुनलाल जाट आणि अरविंद सिंग यांनी हलक्या वजनाच्या दुहेरीत जागा मिळवली. त्याच स्पर्धेत एकेरीत जाकर खान चौथा आला होता. पण देशाला एकच बोट निवडायची होती आणि दुहेरी निवडली गेली. जाकरचं नाव मी दरवर्षी नव्या मुलांना सांगतो. इतकं वल्हवूनही घरी राहावं लागू शकतं, हे त्यांना आधीच माहीत असायला हवं.

आता एक बदल. अर्जुन-अरविंदचा हलक्या वजनाचा गट 2024 च्या पॅरिस स्पर्धेनंतर ऑलिंपिकमधून गेला. त्यामुळे कमी उंचीच्या, शिडशिडीत मुलांची वाट अरुंद झाली आहे. त्याच्या जागी 2028 ला लॉस एंजेलिसमध्ये बीच स्प्रिंट येतंय: वाळूवरून धावत सुटायचं, बोटीत चढायचं, लाटांमधून बोयांना (पाण्यावर तरंगणाऱ्या खुणांना) वळसे घालायचे आणि पुन्हा धावत किनाऱ्यावर यायचं. तिथे समुद्राची ओळख असणं मोठी जमेची बाजू आहे. मालवण, रत्नागिरी किंवा गोव्याच्या किनाऱ्यावर वाढलेल्या, लाट फुटायच्या आधी होडी पलीकडे काढायची सवय असलेल्या मुलामुलींनी एकदा तरी एर्गवर बसून बघावं.