एका पोरीची चार कार्यालयं: ग्रामीण विदर्भात बालसंरक्षण आणि मानसिक आरोग्याचं काम एकत्र चालवताना

बालकल्याण आणि किशोरवयीन मुलांचं मानसिक आरोग्य या कामात उतरू पाहणारी तरुण मंडळी भेटली की पहिला प्रश्न बहुतेक वेळा शिक्षणाचा असतो. एमएसडब्ल्यू करू की मानसशास्त्रात एमए? दोन्हीही चालतं. नागपूरच्या तिरपुडे किंवा मातृसेवा संघाच्या समाजकार्य महाविद्यालयातून बाहेर पडलेली कितीतरी माणसं आज विदर्भभर या कामात आहेत, तशी मानसशास्त्रातून आलेलीही आहेत. पुढे टीम सांभाळायची जबाबदारी आली की मात्र पदवीत न शिकवलेलं एक काम अंगावर येतं. ज्या माणसांवर तुमचा कुठलाही अधिकार चालत नाही, त्यांना एका मुलासाठी एकत्र बसवायचं. मी यवतमाळ जिल्ह्यात हे काम करते आणि हा लेख त्याच कामाबद्दल आहे.

आधी रचना समजून घ्या, कारण ती एका जागी लिहिलेली सापडत नाही. बालसंरक्षण महिला व बालविकास खात्याकडे आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार जिल्ह्यात बाल कल्याण समिती असते, अध्यक्ष आणि चार सदस्यांची. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं मूल सापडलं की प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत त्याला समितीपुढे हजर करावं लागतं. समितीच्या कामाला हातपाय देतो तो जिल्हा बाल संरक्षण कक्ष. २०२१ च्या दुरुस्तीनंतर या सगळ्या यंत्रणेवर जिल्हाधिकाऱ्यांची देखरेख आली. मानसिक आरोग्य मात्र आरोग्य खात्याचं. जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची टीम बसते आणि ठरलेल्या दिवशी ग्रामीण रुग्णालयात येते. किशोरवयीनांसाठी ‘मैत्री’ क्लिनिक आहे, तेही आरोग्याकडेच. शाळा शिक्षण खात्याची, गुन्हा पोलिसांचा, बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणून गावपातळीवर ग्रामसेवक. मूल एकच, त्याचे कागद मात्र इतक्या ठिकाणी.

एक उदाहरण देते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. दहावीतली मुलगी, वडिलांनी आदल्या हंगामात आत्महत्या केलेली. शाळेच्या हजेरीपटावर ती ‘सतत गैरहजर’ होती. आशाताईंना माहीत होतं की पोरीचं डोकं दुखतं म्हणून माय तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन गेली आणि गोळ्या घेऊन परत आली. अंगणवाडीताईंच्या कानावर होतं की मावशीकडून स्थळ आलंय. पोलीस पाटलांना घरावरच्या कर्जाची पूर्ण कल्पना होती. शासनाची एक लाखाची मदत मात्र मिळाली नव्हती. जमीन आजोबांच्या नावावर, त्यामुळे प्रकरण अपात्र ठरलं होतं. प्रत्येकाने आपापलं काम केलं होतं, आणि चौघांकडची माहिती एकत्र आल्याशिवाय ती पोरगी कुणालाच पूर्ण दिसणार नव्हती.

आम्ही त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत बसवलं. ग्राम बाल संरक्षण समिती कागदावर बहुतेक गावांत असते. सरपंच अध्यक्ष, अंगणवाडीताई सचिव. तिची बैठक खरोखर भरवणं हेच कष्टाचं काम. त्या दिवशी माय म्हणाली, ‘‘पोरगी रातच्याला झोपतच नाही बाई, मंग सकाळी उठाचं नाव घेत नाही. शाळेत जाऊन तरी काय करन? लगन लावून देल्लं त एक काळजी मिटते.’’ या बोलण्यात दुःख आहे, झोपेची तक्रार आहे, पैशाची ओढाताण आहे आणि बालविवाहही आहे. समुपदेशक म्हणून शिकलेल्या माणसाला पहिल्यांदा दुःख दिसतं आणि तो समुपदेशनापासून सुरुवात करतो. माझं मत वेगळं आहे. पहिल्यांदा शासनाच्या बालसंगोपन योजनेचा अर्ज भरा. महिन्याला २,२५० रुपये ही मोठी रक्कम नाही, पण ‘एक खाणारं तोंड कमी’ हा हिशेब ज्या घरात चालू आहे तिथे ती पोरीच्या बाजूने बोलते. वडिलांचा मृत्यूचा दाखला, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, शाळेचं बोनाफाईड, बँकेचं पासबुक. माय मजुरी बुडवून तहसीलला खेटे घालणार नाही, तेव्हा आपलाच माणूस तिच्यासोबत जायला हवा.

त्याच आठवड्यात ग्रामसेवकांनी पोरीच्या काकांना बसवून २००६ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा समजावला आणि १८ पूर्ण होईपर्यंत लग्न करणार नाही असं लेखी घेतलं. जिल्ह्याची टीम तालुक्याला येईपर्यंत मधले दिवस रिकामे जाऊ नयेत म्हणून टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर पोरीचं बोलणं करून दिलं. हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. फोन मायचा, आमची ताई ओसरीवर बाहेर बसलेली, जेणेकरून आत कुणी येणार नाही. वर्गशिक्षकांना एवढंच सांगितलं की ती उशिरा आली तरी वर्गात घ्या, सगळ्यांसमोर विचारू नका. तिने दहावी दिली. गणित राहिलं, ते पुरवणी परीक्षेत निघालं. झोप अजूनही नीट नाही, औषध चालू आहे, पाठपुरावाही.

या घरात आम्ही आणखी एक गोष्ट केली, ती प्रत्येक नवीन माणसाने शिकून घ्यावी. फवारणीचं औषध कुठे ठेवलंय ते विचारलं. कापसाच्या पट्ट्यात हे घराघरात असतं, कधी धान्याच्या कोठीशेजारी, कधी खाटेखाली. ते कुलपात जायला हवं आणि किल्ली मोठ्या माणसाकडे हवी. मनात मरणाचे विचार येतात का, हेही मुलाला सरळ विचारावं लागतं. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही भीती खरी नाही. विचारायला लाजणारा कार्यकर्ता उत्तर ऐकायलाही तयार नसतो, आणि मुलांना ते लगेच कळतं. आत्महत्येचा प्रयत्न झालाच, तर २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम ११५ सांगतं की ती व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच धरायचं आणि तिला उपचार द्यायचे. पोलिसांच्या भीतीने दवाखाना टाळणाऱ्या घरांना हे मुद्दाम सांगा.

आता गोपनीयतेबद्दल, कारण नेता म्हणून खरी कसोटी इथेच लागते. ‘‘ताई, कोणाले सांगजो नको’’ असं म्हणून मूल बोलायला लागतं. त्याच्या आधीच सांगायला हवं की तुझ्या जिवाला धोका असेल किंवा कुणी तुझ्यावर अत्याचार केला असेल तर मला ते काही ठरावीक लोकांना सांगावंच लागेल. पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या कलम १९ प्रमाणे माहिती देणं बंधनकारक आहे, न दिल्यास कलम २१ खाली शिक्षा आहे. सतरा वर्षांची मुलगी आपल्या मर्जीच्या नात्याबद्दल बोलते तेव्हाही कायदा तिला बालकच मानतो. हा प्रसंग फार अवघड असतो. तिने विश्वासाने सांगितलेलं दुसऱ्या दिवशी ठाण्यात पोहोचलं तर ती परत कुणालाच काही सांगणार नाही. म्हणून मर्यादा सुरुवातीलाच सांगायची, आणि कळवायची वेळ आली तर तिला अंधारात न ठेवता, तिच्यासोबत उभं राहून कळवायचं. जबाब तिच्या घरी किंवा ती म्हणेल तिथे घेता येतो, अधिकारी गणवेशात नसावा लागतो, आणि बाल कल्याण समितीकडून सहायक व्यक्ती मिळू शकते. हे सगळं माहीत असलेला माणूस शेजारी असला की त्या दिवसाचा धाक बराच कमी होतो.

बालविवाह रोखला की मुलीसोबत फोटो काढून व्हॉट्सअॅपवर टाकायची जी पद्धत पडली आहे ती मला सहन होत नाही. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे अशा मुलाची ओळख उघड करणं गुन्हा आहे. त्याच मुलीला उद्या त्याच गावात, त्याच शाळेत जायचं असतं. आमच्या गटात नाव नाही, फोटो नाही, फक्त केस क्रमांक. हा नियम मी कुणासाठीही सैल करत नाही, पाहुणे अधिकारी आले तरी.

कामाचं कॅलेंडर शेतीवर लावा. जूनमध्ये पेरणीसाठी पैसा उभा करायचा असतो, घरात ताण वाढतो, आणि त्याच सुमारास शाळा उघडते. दिवाळीपासून वेचणी सुरू होते, मोठ्या पोरींची हजेरी तेव्हा घसरते. फेब्रुवारी-मार्चात परीक्षा, निकालाचे दिवस जपायचे, अक्षय्य तृतीयेच्या आधी लग्नांवर लक्ष. गावभेट दुपारी ठेवली तर घराला कुलूपच सापडेल. माणसं वावरात असतात, संध्याकाळी जा.

गावातली माणसंच हे काम करू शकतात का, अशी शंका शहरातून आलेले लोक घेतात. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ या कार्यक्रमाने गावातल्याच कार्यकर्त्यांना तयार करून नैराश्यावर काम केलं. दीड वर्षात नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेलं, आणि २०१७ मध्ये ते ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’त छापून आलं. तो कार्यक्रम मोठ्या माणसांसाठी होता, पण पद्धत तीच. फक्त आशाताईंवर आणखी एक फॉर्म लादू नका. त्यांच्या मानधनाचा एक भाग कामागणिक मिळतो आणि कामं आधीच ढीगभर आहेत. त्यांनी सांगितलेल्या मुलाचं पुढे काय झालं ते आठवणीने त्यांना कळवा, नाव गुप्त ठेवण्याच्या मर्यादेत. पुढची बातमी तुमच्यापर्यंत येईल की नाही ते यावरच ठरतं.

तुमच्या टीममधली बहुतेक माणसं कंत्राटी असणार. पगार उशिरा होतो, त्यासाठी वर भांडायचं काम प्रमुखाचंच. जड केसच्या दिवशी कार्यकर्तीला शेवटच्या एसटीने एकटी परत पाठवू नका. आठवड्यातून एकदा अहवाल बाजूला ठेवून तिचं नुसतं ऐकून घ्या. बेंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतला ‘संवाद’ हा उपक्रम कठीण परिस्थितीतल्या मुलांसोबत काम करणाऱ्यांना प्रशिक्षण देतो, तिकडे माणसं पाठवा.

नव्या तालुक्यात रुजू झालात की पहिल्या महिन्यात नवी योजना आखू नका. ग्रामीण रुग्णालयात जिल्ह्याची टीम कोणत्या वारी येते, बाल कल्याण समिती कोणत्या दिवशी बसते, तहसीलच्या सेतू केंद्रात कोण दाद देतं, ठाण्यात बालकल्याण पोलीस अधिकारी कोण, हे स्वतः जाऊन एका वहीत लिहून काढा. प्रत्येक पत्राची पोच घ्या आणि ती फायलीला लावा. कोलाम पोडावर, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवर जाणार असाल तर कोलामी बोलणारी एक तरी व्यक्ती टीममध्ये घ्या. मग महिन्याचा एक वार ठरवून शिक्षक, आशा, अंगणवाडी, ग्रामसेवक आणि पोलीस यांना बोलवा. पहिल्या बैठकीला दोघंच येतील. त्या दोघांसोबत एकाच मुलाची केस घ्या, कोणी काय करायचं आणि कोणत्या तारखेपर्यंत ते लिहा, आणि बैठकीचं इतिवृत्त न आलेल्यांनाही त्यांच्या वरिष्ठांमार्फत पाठवा.