रिगवरचे सेफ्टी व्हॉल्व्ह : नव्याने येणाऱ्या मेकॅनिकसाठी

मुंबई हायवरच्या जॅक-अप रिगवर, म्हणजे समुद्रतळावर पाय टेकवून विहीर खोदणाऱ्या फलाटावर, माझं पहिलं वर्ष चालू होतं. रात्रपाळीत टूलपुशरनी, म्हणजे रिगवरच्या खोदकामाच्या प्रमुखांनी, आधी न सांगता ट्रिप ड्रिल हा सराव लावला. पाइप बाहेर काढताना विहिरीतून उलटा प्रवाह आला असं समजायचं, ड्रिल फ्लोअरवरचा फुल ओपनिंग सेफ्टी व्हॉल्व्ह उचलून पाइपच्या तोंडावर बसवायचा, पान्याने बंद करायचा आणि मग बीओपी (ब्लोआउट प्रिव्हेंटर, विहिरीचं तोंड मिटणारी यंत्रणा) बंद करायचा. पोरांनी व्हॉल्व्ह झटकन उचलला, पाइपपाशी आणला आणि ड्रिलर जागच्या जागी थांबला. व्हॉल्व्ह बंद होता.

तो मीच बंद ठेवला होता. दुपारी त्याची प्रेशर टेस्ट घेतली होती. टेस्ट बंद अवस्थेतच होते, ती पास झाली. मी व्हॉल्व्ह धुतला, आट्यांना ग्रीस लावलं आणि तसाच स्टँडवर ठेवून जेवायला गेलो.

हा व्हॉल्व्ह कायम उघडा ठेवायचा असतो. पाइपमधून मड (खोदताना विहिरीत फिरवलं जाणारं चिखलासारखं द्रव) जोरात वर येत असताना बंद व्हॉल्व्ह बसवायला गेलात तर प्रवाह तो वर ढकलतो, आटे लागतच नाहीत. उघडा असेल तर मड त्यातून आरपार जातं, व्हॉल्व्ह पाइपवर फिरवून घट्ट करता येतो आणि मग पाव फेरा दिला की बंद. ती रात्र खरी असती तर आमच्या हातात काहीच उरलं नसतं.

टूलपुशर उरणचे. ओरडले नाहीत. चहाच्या खोलीत बसवून त्यांनी एवढंच विचारलं, "टेस्ट झाल्यावर व्हॉल्व्ह कसा ठेवायचा, हे तुझ्या टेस्ट शीटवर कुठे लिहिलंय?" मी म्हटलं, "कुठेच नाही, साहेब." "मग लिही."

तेव्हापासून माझ्या प्रत्येक शीटवर शेवटची ओळ हाताने लिहिलेली असते : व्हॉल्व्ह उघडा, पाना स्टँडवर. डिप्लोमाला असताना मला वाटायचं की दुरुस्ती म्हणजे सील बदलणं, फेस घासणं, बोल्ट आवळणं. ते सगळं करावं लागतंच. पण व्हॉल्व्ह आत्ता कोणत्या अवस्थेत आहे, हे पुढच्या पाळीच्या माणसाला कळेपर्यंत आपलं काम संपत नाही.

या धंद्यात हे किती महागात पडतं, ते १९८८ साली उत्तर समुद्रात दिसलं. पायपर अल्फा प्लॅटफॉर्मवर कंडेन्सेट, म्हणजे वायूतून निघणारं हलकं तेल, ढकलणाऱ्या एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह देखभालीसाठी काढून नेला होता आणि उघड्या तोंडावर ब्लाइंड फ्लँज (भोक नसलेली झाकणाची चकती) बसवला होता, तोही गळती रोखेल असा आवळलेला नव्हता. संध्याकाळपर्यंत व्हॉल्व्ह परत बसला नाही. ही गोष्ट रात्रपाळीच्या लोकांपर्यंत पोचली नाही. दुसरा पंप बंद पडल्यावर त्यांनी हाच पंप चालू केला. ६ जुलैच्या त्या रात्री १६७ माणसं गेली. रिगवर वर्क पर्मिटचे कागद भरायचा कंटाळा येईल तेव्हा ती रात्रपाळी डोळ्यांसमोर आणा. त्या लोकांनी कामात कसूर केली नव्हती, त्यांना फक्त माहीत नव्हतं.

आता कामाकडे वळू. रिगवर 'सेफ्टी व्हॉल्व्ह' म्हणून तुमच्या हातात बऱ्याच वेगवेगळ्या गोष्टी येतील. विहिरीच्या तोंडावर बीओपी, पाइपसाठी फुल ओपनिंग व्हॉल्व्ह आणि इनसाइड बीओपी (पाइपमधून वर येणारा प्रवाह अडवणारा एकदिशी व्हॉल्व्ह), चोक मॅनिफोल्डचे (विहिरीतला दाब हळूहळू सोडणाऱ्या नळ्यांच्या जाळ्याचे) गेट व्हॉल्व्ह, मड पंपाचा रिलीफ व्हॉल्व्ह आणि एअर रिसीव्हरसारख्या टाक्यांवरचे स्प्रिंगवाले व्हॉल्व्ह.

नव्या माणसाचा हात बहुधा आधी मड पंपाच्या रिलीफ व्हॉल्व्हला लागतो. त्यात एक शिअर पिन असते. दाब मर्यादेबाहेर गेला की पिन तुटते, व्हॉल्व्ह उघडतो आणि मड टाकीकडे वळतं. शिअर बारवर भोकं असतात आणि प्रत्येक भोकापाशी दाबाचा आकडा कोरलेला असतो. पंपाचा लायनर (सिलिंडरच्या आतली नळी) मोठा बसवला की पंपाची दाबाची मर्यादा खाली येते, म्हणून लायनर बदलला की पिनची जागाही बदलायची. हे फार जण विसरतात. त्याहून वाईट म्हणजे पिन सारखी तुटते म्हणून तिच्या जागी वेल्डिंग रॉडचा तुकडा किंवा खिळा घालणारे लोक. मी असा व्हॉल्व्ह उघडलेला आहे. आतला तुकडा पाहून पोटात गोळा आला, कारण त्या पंपाशेजारून मी दिवसातून दहादा जात होतो. पिन कंपनीचीच हवी, त्याच मापाची हवी आणि वरचं झाकण बसलेलं हवं. रिलीफ लाइनला टाकीकडे उतार आहे का तेही बघा. उतार नसेल तर आत मड साचून सुकतं, आणि गरजेच्या वेळी वाट बंद असते.

बीओपी हा अवाढव्य प्रकार आहे आणि तो एका लेखात शिकवता येत नाही. पण त्याच्या टेस्टबद्दल बोलायलाच हवं. एपीआय ५३ (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचं बीओपीसाठीचं मानक) प्रमाणे आधी कमी दाबाची टेस्ट, २५० ते ३५० पीएसआय (दर चौरस इंचावरचा पौंडातला दाब), पाच मिनिटं. मग जास्त दाबाची. दोन टेस्टमध्ये २१ दिवसांपेक्षा जास्त अंतर नको. नव्या मुलांना कमी दाबाची टेस्ट किरकोळ वाटते. मला मात्र तीच जास्त महत्त्वाची वाटते. दाब चढला की तोच दाब रॅमच्या (विहीर मिटणाऱ्या बीओपीच्या ठोकळ्यांच्या) रबराला धातूवर दाबून धरतो आणि बारीक खोट झाकली जाते. कमी दाबाला रबराला असा टेकू मिळत नाही, त्यामुळे झिजलेला पॅकर, म्हणजे हेच रबर, तिथेच उघडा पडतो. म्हणूनच पंप मारताना चुकून दाब ५०० च्या वर गेला, तर तो थेट शून्यावर आणून पुन्हा सुरुवात करायची. वरून ३०० वर उतरवून घड्याळ लावायचं नाही, कारण रबर एव्हाना दाबलं गेलेलं असतं. पहाटे चार वाजता, सगळे थकलेले असताना, "चालतंय रे, उतरव आणि लिही" असं कुणीतरी म्हणेलच. मला एका सीनियरने म्हटलं होतं. मी हात जोडून सांगितलं, "दादा, पुन्हा घेऊ." अर्धा तास गेला. दुसऱ्या वेळी चार्टवरची रेघ हळूहळू खाली आली आणि पॅकर बदलावा लागला.

बीओपीचं बोनेट (बाजूचं झाकण) उघडलं की सील नवं, फ्लँज सोडला की रिंग गॅस्केट नवी. आरएक्स आणि बीएक्स प्रकारची रिंग खाचेत दाबून बसते, तिचा आकार बदलतो, म्हणून ती एकदाच वापरायची. काढलेली रिंग चकचकीत दिसते म्हणून ती परत बसवायचा मोह होतो. ती तिथल्या तिथे भंगारात टाका, म्हणजे प्रश्नच मिटला. रबराचे सुटे भाग उन्हात आणि वेल्डिंग मशीनजवळ ठेवू नका. पाकिटावरची तारीख बघा.

बीओपीला बळ देणारं युनिट म्हणजे अॅक्युम्युलेटर. साधारण ३००० पीएसआयवर तेल भरलेलं असतं आणि बाटल्यांत आधी १००० पीएसआय नायट्रोजन भरलेला असतो. हा प्रीचार्ज तपासताना बाटलीतलं तेल पूर्ण उतरवावं लागतं, नाहीतर गेज तेलाचा दाब दाखवतं. नायट्रोजनऐवजी ऑक्सिजन किंवा साधी हवा कधीही भरू नका, तेलाशी गाठ पडली की स्फोट होतो. आणि युनिटवरचे दांडे मधल्या, न्यूट्रल जागी सोडू नका. उघडा असेल तर उघड्या बाजूला, बंद असेल तर बंद बाजूला. माझ्या चुकीचीच ही दुसरी बाजू आहे : दांड्याकडे नुसतं बघून कळलं पाहिजे.

स्प्रिंगवाले व्हॉल्व्ह वर्कशॉपमध्ये बेंचवर येतात. हे काम मला सगळ्यात आवडतं, शांतपणे बसून करता येतं. डिस्क आणि नोझल लॅपिंग पेस्टने घासायचे, स्प्रिंग तपासायची, सेट प्रेशर (ज्या दाबाला व्हॉल्व्ह उघडायला हवा तो दाब) लावायचं. ७० पीएसआयच्या वर सेट असलेल्या टाकीच्या व्हॉल्व्हला ३ टक्के इकडेतिकडे चालतं. मग सेटच्या ९० टक्के दाबावर गळती बघायची. आउटलेटची नळी पाण्यात अर्धा इंच बुडवायची आणि मिनिटाला किती बुडबुडे येतात ते मोजायचे. १००० पीएसआयपर्यंतच्या, धातूच्या सीटच्या लहान व्हॉल्व्हला चाळीसपर्यंत माफ, मऊ सीट असेल तर एकही नाही. पास झाला की शिशाचं सील आणि तारखेचा टॅग. सील तुटलेला व्हॉल्व्ह रिगवर दिसला तर आकडा बरोबर दिसत असला तरी तो बेंचवर परत न्या.

शिक्षणाचं म्हणाल तर मेकॅनिकल डिप्लोमा किंवा फिटरचा आयटीआय एवढ्यावर सुरुवात होते. समुद्रावर जायच्या आधी सी सर्व्हायव्हलचं प्रशिक्षण लागतं, त्यात पाण्यात उलट्या झालेल्या हेलिकॉप्टरमधून बाहेर पडायचा सरावही येतो. पोहता येत नसेल तर आत्ताच शिकून घ्या. पुढे वर जायचं असेल तर वेल कंट्रोलचं, म्हणजे विहिरीतला दाब ताब्यात ठेवण्याचं, आयडब्ल्यूसीएफ (इंटरनॅशनल वेल कंट्रोल फोरम) सर्टिफिकेट करा, मेकॅनिकला सक्ती नसली तरी करा. किक म्हणजे काय (जमिनीतलं तेल, वायू किंवा पाणी दाबाने विहिरीत घुसणं) हे कळल्यावर आपण दुरुस्त केलेल्या व्हॉल्व्हकडे वेगळ्या नजरेने बघतो. भारतातले नियम समजून घ्यायला ओआयएसडीच्या (ऑइल इंडस्ट्री सेफ्टी डायरेक्टरेट) दोन पुस्तिका वाचा, वेल कंट्रोलसाठी १७४ आणि रिलीफ व्हॉल्व्हच्या तपासणीसाठी १३२. पाळी बारा तासांची असते. घरच्यांना पहिल्या फेरीआधी नीट सांगा की पावसाळ्यात हवा बिघडली की हेलिकॉप्टर उडत नाही आणि परतीची तारीख पुढे जाते. माझी आई पहिल्या वेळी जेवण करून वाट बघत बसली होती.

पहिल्यांदा रिगवर उतराल तेव्हा सेफ्टी ब्रीफिंग होईल, खोली मिळेल, बूट मिळतील. मग ड्रिलरची परवानगी घेऊन ड्रिल फ्लोअरवर जा. फुल ओपनिंग व्हॉल्व्ह कुठे आहे ते बघा. त्याच्या तोंडातून पलीकडचा उजेड दिसतोय का, ते वाकून बघा. पाना शोधा, हातात घ्या, व्हॉल्व्ह एकदा बंद करून पुन्हा उघडा. जड फिरला तर त्याच दिवशी सांगा. आणि पाना होता तिथेच परत ठेवा.