साउंड कार्ड बदललं, तरी घूंऽ तसंच: या चुका टाळा

स्पीकरमधून सतत बारीक 'घूंऽ' असा आवाज यायचा, म्हणून मी पहिल्यांदा साउंड कार्ड बदललं. मदरबोर्डवरचा ऑडिओ भिकार असतो हे इतक्यांकडून ऐकलं होतं की शंका घ्यावीशीच वाटली नाही. कार्ड आणलं, स्लॉटमध्ये बसवलं, ड्रायव्हर टाकला, मशीन रीस्टार्ट केलं आणि स्पीकर चालू केला. घूंऽ. अगदी पहिल्यासारखंच. स्पीकरचा प्लग एका भिंतीवर आणि कॉम्प्युटरचा दुसऱ्या भिंतीवर आहे, हे पंधरा दिवसांनी टेबल हलवताना लक्षात आलं. दोन्ही एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घेतले आणि खोली शांत झाली. जुन्या ऑनबोर्ड आवाजाचा काहीच दोष नव्हता.

म्हणून पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक हीच: आवाज कुठे बिघडतोय ते न शोधता कार्ड बदलणं. फाइल, प्लेअर, ऑपरेटिंग सिस्टिम, ड्रायव्हर, डीएसी म्हणजे डिजिटलचं अॅनालॉग करणारी चिप, अॅम्प्लिफायर, वायर आणि शेवटी स्पीकर किंवा हेडफोन, एवढा प्रवास करून आवाज कानापर्यंत येतो. साउंड कार्ड बदललं की यातले मधले दोन-तीन टप्पेच बदलतात, बाकीचे जसेच्या तसे राहतात.

नको असलेला आवाज ओळखायची युक्ती सोपी आहे. काहीही वाजत नसताना एका सुरात घूं येत असेल, तर बहुतेक वेळा तो ग्राउंड लूप असतो. दोन उपकरणांचं अर्थिंग दोन वाटांनी जोडलं गेलं की विजेची 50 किंवा 60 हर्ट्झची गुणगुण, आणि तिच्या पटीतले सूर, ऑडिओच्या वायरीत शिरतात. लॅपटॉप असेल तर चार्जर काढून पाहा. आवाज थांबला तर कारण सापडलं. उपाय म्हणजे दोन्ही उपकरणं एकाच बोर्डवर घ्या, ग्राउंड लूप आयसोलेटर लावा, किंवा स्पीकरला ऑप्टिकल इनपुट असेल तर ते वापरा. ऑप्टिकल केबलमधून प्रकाश जातो, वीज जात नाही, त्यामुळे लूपच तुटतो. काही जण प्लगची अर्थिंगची पिनच काढून टाकतात. गुणगुण जातेही, पण शॉकपासूनचं संरक्षणही तिच्याबरोबर जातं. तसं कधीही करू नका.

माउस हलवला, पान स्क्रोल केलं किंवा गेम सुरू झाला की आवाजात चिरचिर वाढत असेल, तर दुखणं वेगळं आहे. हा कॅबिनेटच्या आतला विद्युत गोंगाट. पण इथेही लगेच खरेदीला निघू नका. हेडफोन कॅबिनेटच्या पुढच्या जॅकमधून काढून मागच्या हिरव्या जॅकमध्ये लावा. पुढच्या जॅकची बारीक वायर ग्राफिक्स कार्डाच्या शेजारून संपूर्ण बोर्ड ओलांडून येते आणि वाटेत सगळा कचरा गोळा करते. मागे आवाज स्वच्छ असेल तर एका एक्स्टेन्शन केबलवर काम भागतं.

मागेही चिरचिर असेल तेव्हा मात्र काहीतरी घ्यायचा विचार करायला हरकत नाही. फक्त त्या वेळी पुन्हा कॅबिनेटच्या आत बसणारंच कार्ड घेऊ नका. ज्या गोंगाटापासून पळायचं त्याच्याच मांडीवर जाऊन बसायचं, ग्राफिक्स कार्डाच्या खालच्या स्लॉटमध्ये! बाहेर ठेवायचा यूएसबी डीएसी बहुतेकांना जास्त उपयोगी पडतो. तो लॅपटॉपला चालतो आणि उद्या मशीन बदललं तरी कामाला येतो. जुनं, नावाजलेलं कार्ड वापरलेलं मिळतंय म्हणून घेणार असाल तर आधी स्लॉट बघा. ते पीसीआय या जुन्या प्रकारच्या स्लॉटचं असेल तर पीसीआय एक्स्प्रेसच्या स्लॉटमध्ये बसणारच नाही, आणि आजच्या बोर्डांवर जुना स्लॉट सहसा नसतोच.

कार्डावाचून चालणार नाही हा समज कुठून आला, हेही सांगतो. साउंड ब्लास्टर हे साउंड कार्ड 1989 साली आलं, तेव्हा साध्या पीसीकडे बोंबलायला एक छोटा स्पीकर होता, त्यामुळे कार्ड लावताच मशीनचा अवतारच बदलायचा. पुढे खेळांतल्या आवाजाचं गणितही कार्डच करायचं आणि प्रोसेसरचा भार हलका व्हायचा. 2007 मध्ये विंडोज व्हिस्टा आलं आणि डायरेक्टसाउंडची, म्हणजे खेळांचा आवाज हाताळणाऱ्या विंडोजच्या भागाची, हार्डवेअरपर्यंत जाणारी वाट बंद झाली. तेव्हापासून हे काम मुख्यतः प्रोसेसरच करतो, आणि त्याला ते जाणवतही नाही. तरीही 'कार्ड घे, गेम फास्ट होईल' हा सल्ला अजून ऐकू येतो.

आकड्यांना भुलणं ही पुढची चूक. खोक्यावर 32 बिट, 384 किलोहर्ट्झ असं ठळक छापलेलं असतं. सीडी 16 बिट आणि 44.1 किलोहर्ट्झची असते. या दराने सुमारे 22 किलोहर्ट्झपर्यंतचे सूर नोंदवता येतात, आणि माणसाचा कान तरुणपणीही जेमतेम 20 पर्यंत पोचतो. 16 बिटांत सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात बारीक आवाजात सुमारे 96 डेसिबलचं अंतर मावतं. घरातला पंखाच त्यातला खालचा बराच भाग खाऊन टाकतो. रेकॉर्डिंग करताना 24 बिट खरंच कामाचे, कारण पातळी थोडी कमी ठेवून काम करता येतं. ऐकण्यासाठी त्या आकड्यांवर पैसे घालू नका.

त्यातून तुमचा आवाज साउंड कार्डातून जातो तरी का? यूएसबी हेडसेट, ब्लूटूथ हेडफोन, एचडीएमआयने जोडलेला टीव्ही, या सगळ्यांत डीएसी त्यांचा त्यांचा असतो. नवं कार्ड लावलं तरी त्यांच्या आवाजात तसूभर फरक पडणार नाही. यूएसबी माइकचंही तेच. ब्लूटूथ हेडसेटचा माइक चालू केला की गाणं एकदम जुन्या टेलिफोनसारखं ऐकू येतं, तेही कार्डामुळे नाही. ब्लूटूथ त्या वेळी कॉलच्या मोडमध्ये जातं. माइक वेगळा घ्या, प्रश्न मिटला.

सेटिंगचे घोळ तर किती सांगावेत! कॉल आला की विंडोज बाकीचे आवाज आपणहून 80 टक्के कमी करतं. साउंडच्या जुन्या खिडकीत 'कम्युनिकेशन्स' टॅबवर ते बंद करता येतं. साध्या माइकला 'बूस्ट' 20 किंवा 30 डेसिबल ठेवला की सूंऽ वाढणारच. माइक तोंडाजवळ आणा आणि बूस्ट उतरवा. गाणं मध्येच तडतडत असेल तर लेटन्सीमॉन हा ड्रायव्हरमुळे होणारा उशीर दाखवणारा प्रोग्राम चालवून बघा. बऱ्याचदा वाय-फायचा किंवा ग्राफिक्सचा ड्रायव्हर प्रोसेसर अडवून बसलेला असतो. तो अपडेट न करता नवं कार्ड लावलंत तर तेही तसंच तडतडेल.

मग कोणी घ्यावं? 250, 300 किंवा 600 ओहमचे (ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या विरोधाचं माप) हेडफोन असतील आणि व्हॉल्यूम शंभरवर नेऊनही आवाज दबलेला वाटत असेल, तर हेडफोन अॅम्प असलेला डीएसी घ्या, फरक पहिल्या मिनिटात कळेल. कमी ओहमचे इअरफोन असतील तर आउटपुट इम्पिडन्स, म्हणजे आवाज देणाऱ्या जॅकच्या बाजूचा ओहममधला विरोध, बघा. ढोबळ नियम असा की तो हेडफोनच्या ओहमच्या एक अष्टमांशाहून कमी असावा, म्हणजे 32 ओहमला 4 च्या आत. गाणं किंवा वाद्य रेकॉर्ड करणाऱ्यांनी साउंड कार्डाच्या वाटेला जाऊच नये. त्यांनी ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइक आणि वाद्य कॉम्प्युटरला जोडणारी बाहेरची पेटी, घ्यावा. कंडेन्सर माइकसाठी 48 व्होल्टचा फँटम पॉवर (माइकला त्याच्या केबलमधूनच मिळणारी वीज) आणि आवाज कमी उशिराने पोचवणारा आसिओ ड्रायव्हर त्यात मिळतो. आवाज पुढे जाण्याआधी ज्या बफरमध्ये साठतो, तो 48 किलोहर्ट्झला 256 सॅम्पलचा असेल तर साधारण 5.3 मिलिसेकंदांचा उशीर होतो, 1024 चा असेल तर 21. हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज ऐकत गाणाऱ्याला यातला फरक लगेच खटकतो. ऑनबोर्ड जॅकच ढिला झाला असेल तर मात्र सगळ्यात साधा यूएसबी अडॅप्टरही पुरतो.

बाकी सगळ्यांनी आधी स्पीकर किंवा हेडफोन बदलावा असं माझं स्पष्ट मत आहे.

तरीही घेतलंतच, तर ऑनबोर्ड ऑडिओ बायोसमधून लगेच बंद करू नका. दोन्हींचा आवाज मोजून सारखा करा, कारण किंचित मोठा वाजणारा नेहमीच 'जास्त खुला' वाटतो. मग घरातल्या कोणालातरी नाणं उडवून हवं ते जोडायला सांगा, तुम्ही पाठ करून बसा आणि आत्ता कोणतं वाजतंय ते सांगा. असं 16 वेळा करा. 16 पैकी 12 किंवा जास्त वेळा बरोबर आलं तर कार्ड ठेवा. आठ-नऊवर अडकलात, तर परत करायची मुदत संपायच्या आत ते परत पाठवा.