वाऱ्यावर वाजणारी तारपेटी
पातळ फळ्यांची ९० सेंमी लांब, १२ रुंद, ८ खोल पेटी करा. वरच्या फळीला मधोमध गोल भोक. दोन्ही टोकांना कठीण लाकडाच्या घोड्या (तारा फळीपासून उचलून धरणाऱ्या पट्ट्या) बसवून ०.४ ते ०.८ मिमीच्या सहा नायलॉन तारा ताणा आणि सगळ्या एकाच खर्ज स्वरात लावा. स्वरवैविध्य वाराच आणतो: तारेमागे सुटणाऱ्या भोवऱ्यांची वारंवारता साधारण ०.२ × वाऱ्याचा वेग (मी/से) ÷ तारेची जाडी (मीटरमध्ये). म्हणजे ५ मी/से वाऱ्यात ०.५ मिमीची तार २००० हर्ट्‌झजवळचा उपस्वर (मूळ स्वराच्या पटीतला वरचा स्वर) धरते. फार सुंदर असतो तो!

पेटी खिडकीच्या फटीत ठेवा, वारा तारांना काटकोनात लागू द्या. गप्प राहिली तर बहुधा ताण जास्त आहे, सैल करा. खरखरली तर तार फळीला घासतेय, घोडी उंच करा. उन्हात नायलॉन सैलावतं, पुन्हा लावा.