शाळेतली आरोग्य तपासणी: भावी शिक्षक आणि भावी नर्सना तयार करताना या चुका टाळा

सहावीच्या वर्गात डोळे तपासणी चालू होती. तक्ता उघडाच टांगलेला, आणि रांगेतल्या मुली ओठांतल्या ओठांत अक्षरं घोकत होत्या. नर्सिंगच्या विद्यार्थिनीने एकीपुढे '6/6' लिहिलं, म्हणजे नजर ठीक. त्याच मुलीबद्दल आमच्या डी.एल.एड.च्या (शिक्षक-पदविकेच्या) छात्राध्यापिकेने, म्हणजे शिकाऊ शिक्षिकेने, आठवडाभर नोंद केली होती, 'फळ्यावरचं उतरवत नाही, शेजारणीच्या वहीत बघते.' दोघी एकाच वर्गात होत्या, पण एकमेकींशी बोलल्या नाहीत. बोला असं मीही त्यांना सांगितलं नव्हतं. त्या मुलीला एकटीला बोलावून, एकेक डोळा झाकून पुन्हा तपासलं तेव्हा निकाल आला 6/24, म्हणजे नजर बरीच कमी.

तेव्हापासून तपासणीआधी छात्राध्यापक यादी देतात: मान वाकडी करून कोण बघतं, खेळाच्या तासाला कुणाला दम लागतो, सोमवारी कोण हमखास गैरहजर. मग तक्ता 6 मीटरवर, रांग वर्गाबाहेर.

दोन्ही कॉलेजांचं मिळून एक दिवसाचं व्याख्यान ठेवलं की झालं, हा समज सोडा. बी.एड.ला 20 आठवडे शाळेत काढायचे असतात. नर्सिंगची शाळा-भेट त्यातच बसवायची, तर दोन्हीकडच्या प्राध्यापकांनी वेळापत्रक आधीच समोरासमोर बसून ठरवायला हवं.

लोहाच्या गोळीचं तर फार सांभाळायला लागतं. सहावी ते बारावीच्या मुलांना आठवड्यातून एकदा मिळणाऱ्या निळ्या गोळीत 60 मिलिग्रॅम लोह असतं. ती उपाशीपोटी दिली की मळमळतं. एकाला उलटी झाली की वर्ग घाबरतो आणि पुढच्या आठवड्यात पालकच नको म्हणतात. मात्रा नर्सला माहीत असते, पण खिचडी किती वाजता येते आणि डबा न आणणारं पोर कोणतं, हे शिक्षकालाच ठाऊक. गोळी जेवणानंतरच द्या. शौचाला काळी होईल, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, हे पालकसभेत आधीच सांगा.

कुणाचाही आजार वर्गासमोर पुकारू नका.

आणि संदर्भ चिठ्ठी, म्हणजे पुढच्या तपासणीसाठी दवाखान्यात पाठवायची चिठ्ठी, मुलाच्या दप्तरात टाकून मोकळे होऊ नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं, म्हणजे मुलांची आरोग्य तपासणी करणाऱ्या सरकारी योजनेचं, पथक शाळेत साधारण वर्षातून एकदा येतं. चिठ्ठी हरवली की मुलाचं वर्ष गेलं. पालकांना फोन छात्राध्यापकाने करावा, कुठे आणि कधी जायचं हे नर्सिंगच्या विद्यार्थ्याने लिहून द्यावं. दोघंही काही आठवड्यांत निघून जाणार असतात, म्हणून अपुऱ्या राहिलेल्या चिठ्ठ्यांची वही जाताना वर्गशिक्षकांच्या हातात द्यायची, सही घेऊन.